चौदा घरं, एक हमाम आणि उस्ताद मक्की

ही गोष्ट १९७९ सालची, मार्च ते जून या चार महिन्यांतली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, राजधानीत, रबातच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होते, आणि वझ्झान या माझ्या गावातल्या आमच्या गल्लीतून इतकी पुढे शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. गल्लीला त्याचं कौतुक होतं आणि थोडी शंकाही होती. बायका विचारायच्या, "बतूल, समाजशास्त्र म्हणजे काय गं?" मी सांगायचे, लोक कसे राहतात ते शिकायचं. त्यावर त्या एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "त्यासाठी रबातला कशाला जायचं?"

शेवटच्या वर्षी एक प्रबंध लिहावा लागे, आणि पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती त्यावरच ठरे. माझे वडील प्रेमळ होते, पण एकदा बोलले की बोलले. "मिळाली तर खुशाल शिक," त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नाही मिळाली तर परत ये आणि काकांच्या वखारीत लोकर निवडायला बस. तिथे डोळस माणूस लागतंच." ती वखार मी लहानपणापासून पाहिली होती. तिला एकही खिडकी नव्हती, आणि संध्याकाळी तिथून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत.

माझे मार्गदर्शक होते उस्ताद मक्की. उंच, किडकिडीत, चष्मा लावणारे आणि अविवाहित. संख्याशास्त्रावर त्यांचा राग होता. "आकडे फार तर किती ते सांगतील," ते म्हणायचे, "का ते माणसाच्या तोंडूनच ऐकायला हवं." मला त्यांनी काम दिलं ते असं. एकच गल्ली घ्यायची आणि एकच प्रश्न: घरात निर्णय कोण घेतं? तो तीन वाटांनी शोधायचा. आधी एकेकीची सखोल मुलाखत, मग सगळ्यांना एकत्र बसवून गटचर्चा, आणि शेवटी सहभागी निरीक्षण, म्हणजे त्यांच्यात मिसळून नुसतं बघायचं, विचारायचं काही नाही. मग तिन्ही पद्धती शेजारीशेजारी ठेवायच्या आणि कोणती कुठवर नेते ते लिहायचं.

मुलाखतीला जाताना काय म्हणायचं, तेही त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते मला अजून पाठ आहे. "मला रबातहून माझ्या गुरुजींनी पाठवलं आहे. त्यांना तुमच्या घराविषयी मनापासून जाणून घ्यायचं आहे. तुम्ही सांगाल ते चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. यात बरोबर-चूक काही नाही. आणि नको वाटलं तर केव्हाही नाही म्हणा, आम्ही मुळीच मनाला लावून घेणार नाही."

पहिलं घर मी घेतलं खाल्ती तामूचं. तशी ती माझी सख्खी मावशी नव्हे, पण गल्लीतल्या सगळ्याच मोठ्या बायकांना आम्ही खाल्ती म्हणायचो. विधवा बाई, आवाज दणदणीत, आणि गल्लीत तिच्या नकळत मांजरसुद्धा व्यायचं नाही. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन उठली, आतल्या खोलीत गेली आणि अंगावरची शाल बदलून आली. मागोमाग तिची मुलगी रक्कूश चहाचं ताट घेऊन आली. रक्कूश माझ्याबरोबर शाळेत होती. तिने त्याआधी मला कधी चहा दिला नव्हता.

"घरात आज काय शिजवायचं, हे कोण ठरवतं, खाल्ती?"

"रक्कूश. तिच्या हाताला चव आहे."

"आणि पाहुणे आले तर?"

"तेही तीच बघते. पहाटे उठते. आवाज कधी चढवत नाही. गेल्या वर्षी दाढ काढली, तेव्हासुद्धा चढवला नाही. बाकी सगळे दात शाबूत आहेत हो, ती एकच गेली."

"दोन," रक्कूश म्हणाली.

"एकच," खाल्ती तामू म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. "लिही, लिही."

मी लिहिलं. 'निर्णय मुख्यतः अविवाहित मुलगी घेते.' पुढच्या बारा घरांतही तेच निघालं. मुलगी पहाटे उठते, मुलगी ठरवते, मुलीला उलट उत्तर माहीत नाही. चौदावं घर लल्ला रहमाचं; लल्ला म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई'. तिला मुलगी नव्हती, मुलगेच होते. मी गेले तेव्हा तिथे तिची एक भाची हजर होती, आदल्या दिवशीच्या बसने फेस शहराहून आणवलेली. तिलाही सगळे निर्णय घेता येत होते, फक्त साखर कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं. मी तेही नोंदवलं.

उस्तादांना पत्राने कळवलं. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं: 'अविवाहित मुलींच्या हाती घराची सत्ता असणं आजवर कुणी नोंदवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सावधपणे पुढे जा.' ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपत होते.

गटचर्चेला मी आठ बायकांना आमच्या घरी बोलावलं. तेवीस आल्या. ठेवणीतले कफ्तान, कमरेला जरीचे पट्टे, आणि तिघींच्या हातात निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे सुळके. साखरेचा सुळका आमच्याकडे कुठल्या प्रसंगी देतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त पद्धती होत्या. मला वाटलं, संशोधनाला हातभार. मी आभार मानून ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. आईने सुळक्यांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

प्रश्न मी तोच विचारला, पण स्वतःच्या घराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जी ती दुसरीच्या मुलीचं कौतुक करत होती.

"रहमाची भाची फार गुणी," खाल्ती तामू म्हणाली. "आठवड्यात इथलीच होऊन गेली. साखर तेवढी सापडायचीय."

"तुझी रक्कूश काय कमी आहे?" लल्ला रहमा म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतसुद्धा तिचा आवाज ओळखतात."

"सफियाची मधली काय शिवते. मी माझी उशी दिली होती तिला. आता छान पायपुसणं झालंय," तिसरी म्हणाली, शेजारी बसलेल्या सफियाकडे बघून.

दोन तासांत असं निष्पन्न झालं की वझ्झानमधल्या एकाही मुलीला एकटीने पाणीसुद्धा उकळता येत नाही. मुलाखतीत निघालं होतं त्याच्या बरोबर उलट. मला आनंदच झाला. दोन पद्धतींची दोन उत्तरं. तुलनेला आणखी काय लागतं?

राहिलं निरीक्षण. बायका जिथे मोकळ्या असतात ती जागा हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, म्हणून मी मंगळवारी हमामला गेले, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मधल्या कोमट खोलीत भिंतीला टेकून बसले. एरवी तरुण मुली आतल्या कढत खोलीत दंगा करत असतात. त्या दिवशी सगळ्या माझ्याच खोलीत. एकेक मुलगी बादली घेऊन माझ्यासमोरून सावकाश जायची, नळ बंद करून सावकाश परत यायची. एकीने चार वेळा केस सोडून पुन्हा बांधले. रक्कूश तेवढी दूर कोपऱ्यात पाठ करून बसली होती आणि खाल्ती तामू तिला कोपराने ढोसत होती.

यम्ना माझी पाठ चोळायला आली. हमामची ही जुनी बाई. हाताला खरखरीत पिशवी चढवून तिने वझ्झानमधल्या तीन पिढ्यांच्या पाठी घासल्या होत्या.

"काय लिहितेस एवढं?"

"दिसतं ते."

"मग सफियाच्या मधलीचे पाय लिही. चवडे बघ, सरळ पडतात."

"पायांचा काय संबंध, यम्ना?"

"मग काय नळ बघायला आलीस?" तिचा हात थांबला. ती माझ्या कानाशी वाकली. "मला एकटीला सांग. वय काय त्यांचं?"

"कुणाचं?"

"तुला ज्यांनी पाठवलं, त्यांचं. रबातच्या. स्वतःचे दात आहेत ना?"

मी वही मिटून पिशवीत टाकली. मी म्हणाले, "यम्ना, हा अभ्यास आहे."

"असू दे की. घरोघर जाऊन चहा घेतलास, कोण काय करतं विचारलंस. बाहेर बोलणार नाही म्हणालीस, नको असेल तर नाही म्हणा म्हणालीस. मग सगळ्यांना घरी बोलावलंस. आज हमामला आलीस. माझ्या वेळी माझी सासू याच क्रमाने आली होती. तिच्याकडे वही नव्हती, एवढाच फरक."

मी डोकं पुरतं न वाळवता घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती मसूर निवडत होती.

"मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, लोक काय समजतात ते समजू द्यायचं, मध्ये पडून बदलायचं नाही? मी म्हटलं, हेही त्यातलंच असेल."

म्हणजे चौदा मुलाखती मातीमोल, गटचर्चा मातीमोल, आणि हमामची वही तर वाचताच येत नव्हती. जूनला सहा आठवडे उरले होते. मला वखारीतला लोकरीचा वास यायला लागला.

मी ठरवलं की चूक दुरुस्त करायची. पुन्हा घरोघर गेले आणि सांगितलं, माझ्या उस्तादांना लग्न करायचं नाही, ते कुणालाही शोधत नाहीत. हे करायला नको होतं. स्थळ बघणारीने असं येऊन सांगितलं, की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच: मुलगी पसंत पडली, आणि ती तुमची नाही. खाल्ती तामूला वाटलं रहमाची भाची ठरली. रहमाला वाटलं रक्कूश. दोघी पाणी भरतानाही एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. सफियाने सोयरिकीसाठी दिलेला आपला साखरेचा सुळका परत मागितला, आणि आईने त्यातला कोपरा चहात घातलेला होता.

त्यातच उस्तादांचं पत्र आलं. 'शुक्रवारी सकाळच्या बसने येत आहे. ही गल्ली एकदा डोळ्यांनी पाहायची आहे.' नको म्हणून उलट पत्र टाकलं असतं, तर ते पोचायच्या आधीच उस्ताद निघाले असते. टपालवाल्याने पत्र द्यायच्या आधीच पाकिटावरचं रबात वाचलं होतं. दुपारपर्यंत नवरामुलगा मुली बघायला येतोय ही बातमी हमामपर्यंत गेली.

शुक्रवारी घरोघर शिजणाऱ्या कुसकुसच्या जेवणाचं आमंत्रण खाल्ती तामूने हक्काने आपल्याकडे घेतलं. सगळ्यांत मोठं अंगण तिचं. माझे वडील शिष्टाचार म्हणून शेजारी बसले, आणि जेवणानंतर शिष्टाचार म्हणूनच डुलक्या घेऊ लागले. उस्ताद तपकिरी सूट घालून आले होते, घामाघूम झाले होते आणि फार खूश दिसत होते.

जेवणाआधी खाल्ती तामूने त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. मी चहा ओतायला होते.

"रबातला एकटेच राहता, सी मक्की?" तिने मानाने 'सी' लावून विचारलं.

"हो."

एवढं विचारून ती गप्प बसली. प्रश्न विचारला की थांबायचं, समोरचा ती शांतता स्वतःच भरून काढतो, असं उस्तादांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. खाल्ती तामू थांबली. उस्तादांनी पाऊण तास शांतता भरून काढली. दोन खोल्या आहेत, एकटं राहणं स्वतःच पसंत केलं आहे, शांतता आवडते, आई फेसला असते, एकदा बोलणी झाली होती पण मोडली, पोटाला तिखट चालत नाही. मी चहा ओतत राहिले, पेला भरून वाहायला लागला तरी.

मग अंगणात सगळ्या बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, "आईला किती अभिमान असेल तुमचा." उस्ताद हसले, चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले, "तिचं पत्र येतं. रोज."

जेवणाच्या आधी आणि नंतर हातावर पाणी घालायला पितळी भांडं घेऊन यम्ना फिरत होती. पाणी घालताना आणि ताट पुढे सरकवताना ती सगळं बघत होती.

पाहुण्यांपुढे फळं गेली आणि आम्ही स्वयंपाकघरात जमलो. खाल्ती तामूने दार लोटलं. मी भांडी पुसत होते.

"मला म्हणाला, एकटं राहणं आपल्या आवडीचं," ती म्हणाली.

"आणि अंगणात आईचं नाव निघालं तर चष्मा पुसायला लागला," लल्ला रहमा म्हणाली. भांडण विसरून ती मोठ्या पातेल्यावर बसली होती. "चष्मा स्वच्छ होता. मी बघितलं."

"बाहीचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय," यम्ना म्हणाली, "तेही उलट्या बाजूने. स्वतः शिवलंय. मटणाचा चांगला तुकडा मी तीनदा त्याच्या बाजूला सरकवला, तीनदा त्याने पोरांकडे ढकलला."

"मग खोटं कुठे बोलला?" सफियाने विचारलं.

"खोटं नाही गं," खाल्ती तामू म्हणाली. "माझ्याशी बोलताना स्वतःचीच समजूत काढत होता. तुमच्यापुढे लाजला. आणि हात धुताना त्याला वाटलं कुणी बघत नाही."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी दोन महिने तीन पद्धती शेजारी ठेवून कोणती खरी म्हणून डोकं फोडत होते. या बायकांनी तो प्रश्न विचारलाच नाही. माणूस इथे असं बोलला, तिथे तसं वागला, तर का, एवढंच त्या बघत होत्या.

"मग?" रहमाने विचारलं.

"माणूस सोन्यासारखा," खाल्ती तामूने निकाल दिला. "पण आईला घाबरतो. आमची रक्कूश सासूच्या पहिल्याच पत्राला उत्तर लिहील, आणि मग हा बिचारा दोघींच्या मध्ये. नको. दया येते मला त्याची."

"मला कुणी विचारलंत का?" रक्कूश म्हणाली.

"विचारते. काय म्हणतेस?"

"नको."

"मग झालं तर."

रहमाने भाचीसाठी नकार दिला, सफियाने मधलीसाठी. पाच मिनिटांत उस्ताद मक्की चौदा घरांतून नापसंत झाले. त्यांना ऑलिव्ह तेलाची मोठी बरणी देऊन फार मायेने निरोप दिला. बसच्या थांब्यावर ते मला म्हणाले, "किती मोकळ्या बायका आहेत." मग थोडं थांबून, "खरं म्हणजे बोलत मीच होतो."

माझ्यापुढे आता दोन प्रबंध होते. एकात चौदा मुलाखती आणि गटचर्चा होती, तक्त्यांसकट, अविवाहित मुलींच्या सत्तेवर; तो उस्तादांना आवडलेलाच होता, आणि खोटा होता. दुसऱ्यात माझी फजिती होती, आणि शेवटच्या प्रकरणात परीक्षक असलेले उस्ताद स्वतः चौदा घरांतून नापास झालेले होते. आईला विचारलं. ती म्हणाली, "पहिला दे. दुसरा घरी ठेव, म्हातारपणी वाचायला होईल." मी तीन दिवस पहिलाच उतरवून काढत होते. 'निर्णय मुख्यतः अविवाहित मुलगी घेते' या वाक्याशी आले की रक्कूश 'दोन' म्हणालेली ऐकू यायचं. चौथ्या दिवशी ते कागद मी चुलीला दिले आणि दुसरा लिहायला घेतला.

तोंडी परीक्षेला तिघं होते. दोघांनी पानं चाळली होती. उस्तादांनी वाचला होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या.

"बटणाचा दोरा कुणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

"यम्नाने. ती हमाममध्ये काम करते."

"ते सहभागी निरीक्षण. आणि मुलाखतीत मी काय सांगितलं?"

"एकटं राहणं तुम्हीच पसंत केलंय."

"गटात?"

"गटात तुम्ही चष्मा पुसलात."

दुसऱ्या परीक्षकांनी खोकल्यासारखं केलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"आता तुलना कर," उस्ताद म्हणाले. "विश्वासार्ह पद्धत कोणती?"

"एकटी कुठलीच नाही, उस्ताद. तिघी स्वयंपाकघरात एकत्र आल्यावर जे झालं ते. आणि मी हे सगळं करत असताना समोरच्यांना मी काय करतेय असं वाटत होतं, हे मी सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं. ते मी शेवटी विचारलं, तेही यम्नाने मला विचारल्यावर."

ते बराच वेळ गप्प बसले. मीही बसले. ती शांतता कुणी भरायची, हे आता दोघांनाही माहीत होतं. शेवटी तेच बोलले.

"आईचा परिच्छेद काढून टाक. ती वाचते." त्यांनी वरच्या पानावर सही केली. "बटण राहू दे."

शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी काकांना सांगितलं, डोळस माणूस दुसरीकडे बघा.

उस्ताद मक्कींनी दोन वर्षांनी तेतुआनच्या एका ग्रंथपाल बाईंशी लग्न केलं. त्यांच्या आई लग्नाला आल्या आणि अकरा महिने राहिल्या. निवृत्त होईपर्यंत ते पहिल्या वर्षाच्या मुलांना गटचर्चा शिकवत, पण मुलाखतीचा धडा दुसऱ्याकडे देत. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

रक्कूशने केनित्राच्या एका बसचालकाशी लग्न केलं. स्वतःच निवडला, त्याच्याच बसमध्ये, तिकिटावरून भांडण झाल्यावर. तिला चार मुलगे आहेत आणि ते सगळे तिच्या आवाजाला दचकतात. लल्ला रहमाची भाची फेसला परत गेली आणि तिथे तिने मिठाईचं दुकान काढलं. सफियाची मधली शिवणकाम सोडून परिचारिका झाली. यम्नाचा हमाम १९९१ मध्ये बंद पडला. ती लेकाकडे लाराशला गेली आणि तिथल्या समुद्राला नावं ठेवत मेली. खाल्ती तामू शेवटपर्यंत खणखणीत होती. ती गेली तेव्हा मी मेकनेसला शिकवत होते आणि वेळेवर पोचू शकले नाही. ते मनातून जात नाही.

मी तेहतीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. माझ्यासाठी आईने दोनदा घरोघर चहा घेतला, आणि दोन्ही वेळा परत येऊन म्हणाली, "माणूस चांगला आहे, पण तुझ्या प्रश्नांना टिकणार नाही." तिच्या शेवटच्या वर्षी मी तिला रबातला माझ्याकडे आणलं. तिथल्या शेजारणींची नावं, मुलंबाळं आणि दुखणी तिला आठ दिवसांत पाठ झाली. मी त्या इमारतीत बारा वर्षं राहत होते.